पेशीतली ऊर्जा: द्राक्षबाग, कांदाचाळ आणि आपलं शरीर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नाशिकमध्ये जीवशास्त्र शिकवताना प्रश्न दोन बाजूंनी येतात. एक दहावी-बारावीच्या मुलांकडून, ज्यांना परीक्षेत काय लिहायचं हे हवं असतं. दुसरे निफाड-दिंडोरीकडच्या त्यांच्या आईवडिलांकडून, ज्यांना बागेत आणि कांदा साठवायच्या चाळीत काय चाललंय हे हवं असतं. दोघांचे प्रश्न इथे मुद्दाम एकत्र ठेवले आहेत. विषय एकच आहे: जे जिवंत आहे ते सतत साखर जाळत असतं, मग ते वेलीवरचं पान असो, क्रेटमधला घड असो किंवा आपला मेंदू.

झाडं प्रकाशसंश्लेषण करतात आणि प्राणी श्वसन करतात, बरोबर ना?

अर्धंच बरोबर. श्वसन दोघंही करतात. झाडाची प्रत्येक जिवंत पेशी, मुळाच्या टोकापासून शेंड्यापर्यंत, दिवसरात्र श्वसन करते. प्रकाशसंश्लेषण हे झाडाचं जादा काम. ते फक्त हिरव्या भागात आणि फक्त उजेडात चालतं. दिवसा पानातून निघणारा ऑक्सिजन त्याच पानाच्या श्वसनाला लागणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला झाड फक्त ऑक्सिजन सोडताना दिसतं आणि गैरसमज पक्का होतो.

पानाच्या पेशीत हरितलवकं (प्रकाशसंश्लेषण करणारे हिरवे कण) असतात तशा तंतुकणिकाही (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे साखर जाळून ऊर्जा काढणारे कण) असतात. मुळाच्या पेशीत हरितलवकंच नाहीत. तिला वरून साखर येते, ती जाळूनच तिला जगावं लागतं, म्हणजे तुमच्या-माझ्या पेशीसारखंच.

प्रकाशातून झाड नेमकं काय मिळवतं?

दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात हरितद्रव्य प्रकाश शोषतं, त्या ऊर्जेने पाण्याचा रेणू फोडला जातो आणि एटीपी व एनएडीपीएच हे दोन ऊर्जावाहक रेणू तयार होतात. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे केल्विन चक्रात, हे दोन्ही खर्चून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बांधली जाते. एका ग्लुकोजसाठी १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच लागतात, एवढं ते महाग काम आहे. या चक्राच्या शोधासाठी मेल्विन केल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो ना?

नाही, पाण्यातून येतो. १९४१ मध्ये रूबेन आणि केमन यांनी ऑक्सिजनचं जड समस्थानिक असलेलं पाणी हरित शैवालाला देऊन हे दाखवलं. जड ऑक्सिजन पाण्यातून दिला तर तो बाहेर पडणाऱ्या वायूत सापडला. कार्बन डायऑक्साइडमधून दिला तर सापडला नाही.

हरितलवकात एटीपी तयार होतो, तर झाडाला तंतुकणिका हवीच कशाला?

हा प्रश्न विचारणारं मूल मला फार आवडतं. हरितलवकात बनलेला एटीपी बहुतेक तिथेच साखर बांधण्यात संपतो. शिवाय एटीपी वेलीतून मुळापर्यंत पाठवता येत नाही. प्रत्येक पेशीने तो आपला आपण बनवायचा असतो. पाठवता येते ती साखर, तीही सुक्रोजच्या रूपात, रसवाहिन्यांमधून. आणि रात्री तर प्रकाश नसतोच, पण पेशीचं काम थांबत नाही.

एटीपी म्हणजे काय? पेशी साखरच थेट का वापरत नाही?

साखरेच्या एका रेणूत ऊर्जा खूप असते. स्नायूचा एक धागा सरकवायला किंवा पेशीच्या पटलातून एखादा आयन आत ओढायला तेवढी लागतच नाही. म्हणून पेशी साखर टप्प्याटप्प्याने मोडते आणि निघणारी ऊर्जा लहान-लहान भागांत एटीपीमध्ये बांधते. एटीपीला तीन फॉस्फेट गट असतात. शेवटचा गट सुटला की काम होण्याइतकी ऊर्जा मिळते आणि उरतो एडीपी. एडीपीला पुन्हा फॉस्फेट जोडायचा, की एटीपी तयार.

एटीपीचा साठा करता येत नाही. आपल्या शरीरात कुठल्याही क्षणी तो पाव किलोच्या आतच असतो, पण दिवसभरात वापरलेल्या एटीपीचं वजन केलं तर ते साधारण आपल्या स्वतःच्या वजनाएवढं भरेल. म्हणजे एकच रेणू दिवसात शेकडो वेळा मोडतो आणि जुळतो.

एटीपीचा शोध १९२९ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लागला. जर्मनीत कार्ल लोहमन यांनी लावला आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांना नोबेल मिळालं नाही, आणि आपल्या वर्गांतही त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं. मी मात्र घेतो.

तंतुकणिकेत नक्की होतं काय? क्रेब चक्र पाठ होतं, पण कळत नाही.

चक्रातली नावं बाजूला ठेवा. आधी पेशीद्रव्यात ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. याला ऑक्सिजन लागत नाही आणि यातून निव्वळ २ एटीपी मिळतात. ते तुकडे तंतुकणिकेत जातात. तिथे क्रेब चक्रात (हान्स क्रेब्स यांनी ते १९३७ मध्ये मांडलं) त्यांचा कार्बन एकेक करून कार्बन डायऑक्साइड बनून सुटतो. आपण उच्छ्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड बहुतेक इथलाच. या सगळ्यात साखरेतले इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. चक्राचं खरं फलित ते इलेक्ट्रॉनच आहेत.

हे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरच्या प्रथिनांच्या साखळीतून खाली-खाली उतरतात आणि शेवटी ऑक्सिजनला जाऊन मिळतात. तिथे पाणी तयार होतं. आपण श्वास घेतो तो एवढ्यासाठीच, साखळीच्या शेवटी इलेक्ट्रॉन उचलायला कुणीतरी हवं म्हणून. उतरताना सुटणाऱ्या ऊर्जेने हायड्रोजनचे आयन पटलाच्या एका बाजूला ढकलले जातात आणि तिथे त्यांची दाटी होते. इगतपुरीकडे वैतरणेचं पाणी उंचावर अडवून उतारावरून सोडतात आणि जाता-जाता त्याच्याकडून वीज काढून घेतात. इथेही तसंच आहे. दाटलेले आयन परत येतात ते मुख्यतः एटीपी सिंथेज या प्रथिनातून, आणि येताना त्याचा एक भाग खरोखर गोल फिरवतात. एका फेऱ्यात तीन एटीपी.

ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा बऱ्याच जाणकारांना ती विचित्र वाटली होती. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत म्हणजे हरितलवकातही एटीपी याच युक्तीने बनतो, फक्त तिथे इलेक्ट्रॉन वर चढवायचं काम प्रकाश करतो. द्राक्षाचं पान आणि माणसाचं हृदय यांच्यातलं हे साम्य मला क्रेब चक्राच्या सगळ्या नावांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी की ३२? पुस्तकात एक, इंटरनेटवर दुसरं.

बोर्डाच्या पेपरात तुमच्या पुस्तकात आहे तेच लिहा, वाद घालू नका. वस्तुस्थिती मात्र ३० ते ३२ ची आहे. जुना ३८ चा हिशोब एका एनएडीएचमागे (साखरेतून काढलेले इलेक्ट्रॉन साखळीपर्यंत नेणाऱ्या रेणूमागे) ३ एटीपी धरून केलेला होता. मोजणीत तो साधारण अडीच निघतो, कारण काही आयन इतर कामांत खर्च होतात. ही संख्या पूर्णांकात येत नाही याचा मुलांना राग येतो, पण आयनांची दाटी पूर्णांकात मोजायची गोष्टच नाही.

साखरेतल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश एटीपीत येते, बाकीची उष्णता होते. आपलं अंग गरम राहतं ते या उष्णतेवर.

पांढरी मुळी वाफशातच का चालते?

मुळीला ऑक्सिजन लागतो म्हणून. जमिनीतून नत्र, पालाश आत घेणं हे बरंचसं आपोआप होत नाही. मुळीच्या पेशीला ते एटीपी खर्चून आत ओढावे लागतात. वाफसा असलेल्या जमिनीत मातीच्या कणांमध्ये ओलही असते आणि हवाही. पाणी साचलं की हवेची जागा पाणी घेतं, आणि ऑक्सिजन पाण्यातून फार हळू पसरतो. मुळी मग ऑक्सिजनशिवाय साखर मोडायला लागते. त्यात एटीपी जेमतेम मिळतो, साखर मात्र भराभर संपते. अवकाळी पाऊस झाल्यावर जमिनीत भरपूर खत असूनही वेल पिवळी पडते, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. अशा वेळी आणखी खत सोडणं म्हणजे उपाशी माणसाचं तोंड बांधून समोर ताट वाढणं. आधी पाणी काढा.

छाटणीनंतर वेलीवर एकही पान नसतं, मग डोळे फुटतात कशावर?

काडी, ओलांडा (वेलीची आडवी फांदी), खोड आणि मुळं यांत साठवलेल्या पिष्टावर. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर किंवा ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेल पूर्णपणे साठ्यावर जगते. पिष्टाची साखर होते, साखर डोळ्यापर्यंत जाते, तिथे तंतुकणिका ती जाळतात आणि कोंब बाहेर येतो. सुरुवातीचं कोवळं पानही कमावतं कमी आणि खातं जास्त. पुरेसं मोठं झाल्यावरच ते स्वतःचं भागवून वर साखर पाठवू लागतं.

म्हणून घड काढून झाल्यावर छाटणीपर्यंत वेलीला जी विश्रांती देतात, तिच्यात पानं शाबूत राहिली पाहिजेत. माल गेला की बागेकडे पाठ फिरवणारे पुढच्या फुटीला रडतात.

मण्यात पाणी उतरल्यावर आंबटपणा कमी होतो तो साखर वाढल्यामुळे का?

पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागतो, तेव्हा साखर तर वाढतेच. पानातून आलेलं सुक्रोज मण्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊन साठतं. पण आम्लही खरोखर कमी होतं. मण्यात मुख्यतः टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन आम्लं असतात. पाणी उतरल्यानंतर मण्याच्या पेशी श्वसनासाठी मॅलिक आम्ल जाळायला घेतात. टार्टारिकला त्या सहसा हात लावत नाहीत.

श्वसनाचा वेग तापमानावर असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की तो साधारण दुप्पट-तिप्पट होतो. त्यामुळे रात्री गरम असतील तर मॅलिक लवकर संपतं, थंड असतील तर टिकतं. नाशिकच्या हिवाळ्यातल्या गार रात्री चवीला उपयोगी पडतात त्या अशा. अति झाली की मात्र तीच थंडी नडते. निफाडला पारा पार खाली गेला की पानांचं कामही मंदावतं, साखर भरणं रेंगाळतं, आणि पहाटे बागेत शेकोट्या पेटतात.

तोडलेली द्राक्षं घरी ठेवली तर गोड होतात का?

नाही. आंबा आणि केळं तोडल्यावर गोड होतात, कारण त्यांच्यात पिष्टाचा साठा असतो आणि पिकताना त्याची साखर होते. द्राक्षाच्या मण्यात तसा साठा नसतो. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) जेवढा वेलीवर आला तेवढाच. थोडं पाणी उडून गोडी वाढल्यासारखी वाटेल, इतकंच.

तोडलेला घड जिवंत असतो आणि आपलीच साखर खात बसतो. त्यातही मण्यांपेक्षा देठाचं श्वसन कितीतरी जास्त असतं, म्हणून आधी देठ तपकिरी पडतो. पॅकहाऊसमध्ये प्री-कूलिंगची एवढी घाई असते ती याचसाठी. माल शून्य अंशाच्या आसपास नेला की श्वसन अगदी मंद होतं. दुपारच्या उन्हात क्रेट बांधावर ठेवून गप्पा मारल्या तर तेवढ्या वेळात गेलेलं आयुष्य नंतर कुठलंही कोल्ड स्टोअरेज परत देत नाही.

चाळीतला कांदा वजनाला का घटतो?

मुख्यतः पाणी उडाल्याने, आणि काही प्रमाणात श्वसनाने. कांद्यात पिष्ट नसतं, फ्रुक्टोजच्या साखळ्या आणि साध्या साखरा असतात. त्यांच्यावरच कांदा चाळीत दिवस काढतो. श्वसनातून उष्णता आणि ओल दोन्ही बाहेर पडतात. ढीग जाड असेल, खालून हवा नसेल, तर उष्णता आतच अडकते. गरम झालेला कांदा आणखी वेगाने श्वसन करतो आणि मग वास सुटतो. चाळीची रुंदी कमी ठेवणं, तळ जमिनीपासून उचलणं, बाजूला फटी ठेवणं या सगळ्यामागे हेच आहे.

इथे एक गोष्ट उलटी वाटते. उन्हाळ कांदा पंचवीस-तीस अंशांच्या उकाड्यातही कोंब न काढता टिकतो. कांद्याची सुप्तावस्था शून्याजवळच्या थंडीत टिकते आणि चांगल्या उष्णतेतही टिकते. मोडते ती मधल्या, आपल्याला सुखद वाटणाऱ्या गारव्यात. म्हणून मे महिन्यात गुण्यागोविंदाने राहिलेली चाळ पावसाळ्यात त्रास द्यायला लागते. हवा गार होते, दमटही होते, कोंब आणि सड दोन्ही सुरू होतात. बाजारभावाचं गणित मला जमत नाही, पण कांदा किती दिवस थांबू शकतो याला ही जैविक मर्यादा आहे आणि ती भावाकडे बघत नाही.

वाइनरीत यीस्ट साखरेची दारू करतं, त्यात यीस्टचा काय फायदा?

दारू हा त्याच्या दृष्टीने टाकाऊ माल. टाकीत ऑक्सिजन नसला तरी यीस्टला एटीपी हवाच असतो. मग ते ग्लुकोजचे दोन तुकडे करून २ एटीपी घेतं आणि थांबतं. तुकड्यांचं पुढे इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड होतं. एवढ्या कमी कमाईवर जगायचं म्हणजे साखर प्रचंड लागते, म्हणून ते रस भराभर संपवतं. उष्णता निघते, त्यामुळे टाक्या थंड ठेवाव्या लागतात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने टाकीत आणि खोलगट जागेत साचतो. रिकामी दिसणाऱ्या टाकीत हवा न तपासता उतरणं जिवावर बेतू शकतं.

या कामाला जिवंत पेशीही लागत नाही, तिच्यातली विकरं (एन्झाइम) पुरतात, हे एडुआर्ड बुख्नर यांनी १८९७ मध्ये यीस्ट चिरडून काढलेल्या रसाने दाखवलं.

सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढल्या की मांड्या भरतात, ते लॅक्टिक आम्लामुळे ना?

चढताना काय होतं ते आधी पाहू. पहिल्या काही सेकंदांत स्नायू तयार एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट वापरतो. मग रक्त पुरेसा ऑक्सिजन पोचवेपर्यंत, किंवा चढण फार जोरात असेल तर नंतरही, ग्लुकोज अर्ध्यावर मोडून काम भागवतो आणि त्यातून लॅक्टेट तयार होतं. ते विष नाही. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं.

दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना जे कळवळायला होतं त्याचा लॅक्टेटशी संबंध नाही. ते तर चढून बसल्यावर तासाभरात निघून जातं. ती दुखी स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या सूक्ष्म इजांची असते, आणि चढण्यापेक्षा उतरण्याने ती जास्त होते. ट्रॉलीने वर जाऊन पायी उतरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

वजन कमी होतं तेव्हा चरबी जाते कुठे?

बहुतेक नाकावाटे. घामावाटे किंवा शौचावाटे जाते असं बऱ्याच जणांना वाटतं. १० किलो चरबी पूर्ण जळली तर साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं.

चरबीत एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी असतात, साखरेत ४. शिवाय शरीरातली साखर साठवायला सोबत पाणीही साठवावं लागतं. लांब उडणाऱ्या पक्ष्याला हे परवडत नाही. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात ते चरबीवर. त्यांचं हिमोग्लोबिन विरळ हवेतही ऑक्सिजन पकडायला विशेष चांगलं असतं, कारण चरबी जाळायला ऑक्सिजन लागतोच. साखरेसारखं अर्ध्यावर मोडून भागत नाही.

पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो असं म्हणतात.

देत नाही. ऑक्सिजन पाणी फुटल्यावर निघतो आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो. निवडुंग, घायपात, ड्रॅगन फ्रूट अशा वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून तो वापरतात, म्हणजे पाणी वाचतं. पण रात्री ऑक्सिजन त्यांच्याकडूनही येत नाही. आणि झोपायच्या खोलीत कुंडी ठेवली म्हणून गुदमरायला होत नाही. शेजारी झोपलेला माणूस कुंडीपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.

ऊस आणि मका उन्हाळ्यातही जोरात वाढतात, तसं द्राक्षाला का जमत नाही?

कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर अधूनमधून चुकून ऑक्सिजन पकडतं आणि बांधलेली साखर वाया जाते. उष्णता वाढली की चुका वाढतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांनी यावर वेगळी व्यवस्था केली आहे: आधी दुसऱ्या विकराने कार्बन डायऑक्साइड पकडून तो आतल्या पेशींत कोंडायचा, म्हणजे रुबिस्कोभोवती त्याचीच गर्दी राहते. हॅच आणि स्लॅक यांनी हा मार्ग १९६६ मध्ये उसात उलगडला. द्राक्ष, कांदा, गहू यांच्याकडे ही सोय नाही.

तंतुकणिका फक्त आईकडूनच येतात का?

माणसात जवळजवळ तसंच. शुक्रपेशीतल्या तंतुकणिका फलनानंतर नष्ट केल्या जातात.

झाडं श्वसन करतात हे घरी पाहता येईल?

येईल, आणि नाशिकच्या घरात मटकी असतेच. दोन थर्मास घ्या. एकात नुकती मोड येऊ लागलेली मटकी भरा, दुसऱ्यात तेवढीच, पण उकळून गार केलेली. दोन्हींत थर्मामीटर खोचून तोंडाला कापसाचा बोळा लावा. घट्ट झाकण लावू नका, मटकीला हवा लागते. रात्रभर ठेवून सकाळी तापमान बघा. मोडाची मटकी गरम लागेल. बी साठवलेलं पिष्ट जाळतंय, त्याचीच ही उष्णता. उकडलेली मटकी मेलेली असल्याने खोलीच्या तापमानाला राहील. नोंद पहिल्या दिवसातच घ्या, कारण उकडलेली मटकी आंबायला लागली की तीही गरम होते; फरक एवढाच की तेव्हा श्वसन जिवाणूंचं चाललेलं असतं.